तिसऱ्या टेबलाची वेळ

१

गुरुवार, १४ ऑक्टोबर १९९९. सकाळी नऊ वाजून अकरा मिनिटं. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात दोन नंबरची टाकी भरून वाहिली. गरम कॉस्टिक सोड्याचं पाणी काठावरून खाली आलं. पाळीवरचा ऑपरेटर महिपती भोईर हाताने व्हॉल्व बंद करायला धावला. व्हॉल्व बंद झाला, पण महिपतीचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले.

टाकी भरायला आठ अठ्ठावन्नला सुरुवात झाली होती. दहा मिनिटांनी, म्हणजे नऊ आठला, तिचा व्हॉल्व आपोआप मिटायचा. ते काम संगणकाचं. संगणकावरचा प्रोग्रॅम दोनच दिवसांपूर्वी, मंगळवारी बदलला होता. दोन हजार साल उजाडलं की जुना प्रोग्रॅम तारखेत चुकणार होता, म्हणून पेणच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कचेरीने नवा बसवला. सोबत चाचणीचा कागद दिला. चार टेबलं, प्रत्येक टेबलावर एकशे बारा चाचण्या, सगळ्या पास.

प्रोग्रॅम बरोबर असेल तर माणूस चुकला. शुक्रवारी दवाखान्यात महिपतीच्या खाटेवर निलंबनाचं पत्र येऊन पडलं. त्याने टाकी भरताना ‘हाताने चालू’ हे बटण दाबलं, असा ठपका होता. सुनावणी सोमवारी २५ तारखेला, सकाळी दहाला.

त्याआधी कोणीतरी तिऱ्हाईताने पेणला जाऊन तो कागद खरा आहे का ते बघावं, असं कारखान्याच्या मॅनेजरला वाटलं. किंवा वरून कुणी तसं सांगितलं असेल. त्यांनी रघुनाथ कडूंना बोलावलं. कडू एकसष्ट वर्षांचे, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. कारखान्याचे काटे वीस वर्षं त्यांनीच तपासून शिक्के मारले होते. त्यांनी आधीच सांगितलं की मला संगणकातलं काही कळत नाही. मॅनेजर म्हणाले, म्हणूनच. एक पान लिहून द्या, मराठीत चालेल. प्रोग्रॅम चुकला की माणूस, एवढंच.

कडूंचे गुडघे दुखत होते. नाही म्हणायचं त्यांच्या मनात होतं. पण दवाखाना वाटेतच होता.

महिपती उताणा पडला होता, पायांना पांघरूण लागू नये म्हणून वर जाळीचा पिंजरा. बायको जनी उशाशी बसून मोसंबं सोलत होती. त्याने सगळं सरळ सांगितलं. बुधवारी बॉयलर उशिरा पेटला, म्हणून पहिली टाकी नऊ वीसला लावली, ती नीट भरली. गुरुवारी वेळेवर लावली. पडद्यावर ‘उरलेला वेळ’ असा आकडा असतो, तो सेकंदासेकंदाने उतरतो. तो उतरत होता.

“दोन मिनिटांच्या खाली आला साहेब, आनि एकदम उडाला. पाच आकडी नंबर आला. पासष्ट हजार काहीतरी. मला वाटलं, डोळं गेलं का काय. बटनाला मी हात नाय लावला. लावला असता तर बोललो असतो.”

“हे मॅनेजरला सांगितलंस?”

“सांगितलं. ते बोलले, पाय भाजल्यावर मानूस कायपन बघतो.”

जनीने मोसंब्याची फोड कडूंच्या हातावर ठेवली. “पाय व्हतील बरं. त्या पत्राचं काय, ते सांगा.”

कडूंनी फोड खाल्ली. वहीत लिहिलं: पासष्ट हजार. त्याखाली रेघ मारली.

२

पेणची कचेरी एका हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. कडू जिना चढून पोचले तो सोमवार, १८ तारीख, खंडेनवमी. चारही संगणकांना हळदकुंकू लावलेलं, झेंडूच्या माळा, कीबोर्डांवर अक्षता. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं. काटे पावणेचारवर थांबलेले आणि त्यालाही माळ घातलेली.

कचेरीत माणसं तीन. मालक विशाल घरत, चाळिशीचा. जुना प्रोग्रॅम दहा वर्षांपूर्वी त्यानेच लिहिला होता. नितेश ठाकूर, नवे बदल करणारा. आणि अपेक्षा वारगे, चाचण्या तिच्याकडे. रोज निडीहून गाडीने येणारी.

पूजेसाठी आज सकाळीच आलेल्या विशालने बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि चार टेबलांचं गणित स्वतःच सांगितलं. त्यांची गिऱ्हाइकं चार तऱ्हेची. प्रत्येकाकडे वेगळा संगणक आणि वेगळा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देणारं साधन. एकावर चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेलच असं नाही. म्हणून इथे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या यंत्राची हुबेहूब नक्कल एकेका टेबलावर मांडलेली. एकाचं दुसऱ्याला काही लागू द्यायचं नाही. मधे तारसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी तार होती, तेव्हा एका यंत्रातला व्हायरस चारही यंत्रं घेऊन गेला.

“मग तपासता कसं?”

“पूर्वी नितेश बसायचा. एकेका टेबलावर एकशे बारा वेळा आकडे घालायचे, उत्तर बघायचं. दोन दिवस जायचे आणि तिसऱ्या दिवशी याचं डोकं दुखायचं. आता अपेक्षाची फ्लॉपी आहे. ती एकेका टेबलावर घालायची, एक बटण दाबायचं. ते यंत्र आपल्या कंपायलरने प्रोग्रॅम तयार करतं, सगळ्या चाचण्या घेतं, निकाल आणि वेळ फ्लॉपीवर लिहितं. एक, दोन, तीन, चार. चौथ्यावर कागद छापून येतो. माणसाचा हात मधे नाही, म्हणून लबाडी नाही.”

कडूंनी मान डोलावली. त्यांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी बऱ्याच पेढीवाल्यांकडून ऐकलं होतं.

रोह्याच्या कारखान्याची नक्कल कुठली, ते त्यांनी विचारलं. तिसरं टेबल. सगळ्यात जुनं, सगळ्यात सावकाश. एका फेरीला पंचवीस मिनिटं घेणारं. विशालच्या केबिनच्या काचेसमोरच ते होतं. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती, चांगली बोटभर अक्षरात.

चहा संपला. विशालने मनगट चोळलं. घड्याळ त्याने घातलेलं नव्हतं, पट्ट्याने त्याच्या कातडीला पुरळ येई. मग त्याने कडूंना विचारलं, “किती वाजले हो साहेब?”

“अकरा वीस,” कडू म्हणाले. त्या वेळी त्यांना त्यात काही वाटलं नाही.

३

मंगळवारच्या कागदाची स्थळप्रत त्यांनी मागून घेतली. चार ओळींचा कागद. पहिलं टेबल, १०:३९. दुसरं, १०:४१. तिसरं, ११:०५. चौथं, १०:४६. प्रत्येकापुढे ११२ पैकी ११२. खाली अपेक्षाची सही.

कडूंनी चष्मा पुसून तो कागद पुन्हा वाचला. फ्लॉपी तिसऱ्यावरून चौथ्यावर जाते. मग चौथ्याची वेळ तिसऱ्याच्या आधीची कशी?

विशाल म्हणाला, जुनी यंत्रं आहेत, घड्याळं पुढेमागे असतात, निकालाला त्याने काही होत नाही.

कडूंचं मनगटी घड्याळ रोज सकाळच्या बातम्यांना लावलेलं असे. ती नोकरीतली सवय. ते उठले आणि प्रत्येक टेबलापुढे उभे राहिले. पहिलं दोन मिनिटं पुढे. दुसरं एक मिनिट पुढे. चौथं दोन मिनिटं मागे. तिसरं, सगळ्यात जुनं, सेकंदाला सेकंद बरोबर.

तिथे ते जरा जास्त वेळ थांबले. बाजारातला झिजलेला काटा थोडा खोटा असतोच; तो अगदी काटेकोर निघाला, तर काल-परवा त्याला कोणीतरी हात लावलेला असतो. पस्तीस वर्षांत याला अपवाद त्यांना आठवत नव्हता.

नितेशला त्यांनी जिन्यात गाठलं. तो खालच्या पायरीवर सिगरेट ओढत होता. कडूंना बघून त्याने ती विझवली. मंगळवारचं सगळं त्याने सांगितलं, कंटाळलेल्या माणसासारखं. सकाळी एक फेरी झाली. तिसऱ्याचं साधारण साडेदहाच्या आधी आटोपलं. चौथ्यावर चूक सापडली, दोन हजार सालच्या एकोणतीस फेब्रुवारीची. ती त्याने दुरुस्त केली, दहा पस्तीसला. पुन्हा फ्लॉपी चारही टेबलांवर फिरवली, कागद घेतला, मोटारसायकलवरून रोह्याला गेला.

कारखान्याच्या गेटबुकात नितेशची आत येण्याची नोंद अकरा पंचावन्न होती. पेण ते रोहा मोटारसायकलवर तासाच्या खाली होत नाही. म्हणजे तो अकराच्या आतच निघाला, आणि कागदावर तिसऱ्याची वेळ अकरा पाच. खोटी होती ती तिसऱ्याचीच वेळ, चौथ्याची खरी.

“दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधे जेमतेम आठ मिनिटं दिसतात,” कडू म्हणाले. “त्यात पंचवीस मिनिटांचं तिसरं टेबल बसलं कसं?”

नितेशने विझलेली सिगरेट पायाखाली चिरडली. मग म्हणाला, “त्या दिवशी ते पटकन झालं. मला वाटलं, बरं झालं एकदाचं.”

“घाई होती?”

“डोलवीच्या कंपनीत इंटरव्ह्यू होता, तीनला. शेठला सांगू नका.”

“निकाल तू लिहिलास?”

“नाय.” तो पहिल्यांदाच सरळ बघून बोलला. “मी फक्त बटण दाबलं. लिहिलं त्या यंत्राने.”

कडूंना ते खरं वाटलं, आणि त्यामुळेच प्रश्न अवघड झाला.

४

बायजाबाई कचेरी झाडायला रोज नऊला येते. किल्ली शेजारच्या दुकानात असते. साडेनऊला तिला बाजारातल्या बँकेत दुसरं काम. कडूंनी तिला बँकेच्या पायरीवर विचारलं, कचेरीत घड्याळ बंद, मग वेळ कशी कळते?

ती म्हणाली, तिसऱ्या डब्यावर दिसते की. पण ती खोटी. पावसाळ्यात पहिल्यांदा बघितली तेव्हा नऊ चाळीस झालेलं, ती झाडू टाकून बँकेत पळाली तर बँकच बंद. मग अपेक्षाताईने सांगितलं, त्यातून चाळीस वजा कर गो बायजा, आणि शेठसमोर बोलू नको.

“आणि आता?”

“आता खरी हाय. या शुक्रवारी मी चाळीस वजा केलं नि बँकेत उशीर झाला. बोलणी खाल्ली. गुरुवारी सकाळी चाळीस पुढंच होती.”

कडू परत कचेरीत आले. दुपार झाली होती. विशाल कुठल्याशा कामाला गेला होता. अपेक्षा एकटी होती, झेंडूच्या पाकळ्या कीबोर्डातून टाचणीने काढत होती. कडू तिच्यासमोर बसले आणि चाचण्यांबद्दल काहीच न विचारता म्हणाले, “तुझी संध्याकाळची गाडी किती वाजता?”

टाचणी थांबली.

“सहा दहा.”

“आणि कचेरी सुटते?”

“साडेसहाला.” तिसऱ्याकडे बघून ती म्हणाली, “त्या पडद्यावरच्या.”

मग तिने काही लपवलं नाही. सहा दहाची गाडी चुकली की पुढची पावणेनऊला. निडीला उतरून घर दोन किलोमीटर, घरी आजारी आई. शेठला चाळीस मिनिटं लवकर सोडा म्हणून दोनदा सांगितलं, ते हो म्हणत आणि विसरत. भिंतीवरचं घड्याळ बंद, शेठ घड्याळ घालत नाहीत. सकाळी साइटवर असतात, बारानंतर येतात, आणि मग दिवसभर काचेतून तिसऱ्याकडे बघून विचारतात, किती झाले? तर जूनमध्ये तिने आणि नितेशने मिळून तिसरं टेबल चाळीस मिनिटं पुढे केलं. पडद्यावर साडेसहा झाले की खरे पाच पन्नास. स्टेशन वीस मिनिटांवर. चार महिने तिची गाडी एकदाही चुकली नाही; चुकली ती या शुक्रवारी.

“सगळे तसंच करतात काका,” ती म्हणाली. “आमच्या निडीत घराघरात घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. गाडीसाठी.”

“माझ्या घरीपण आहे,” कडू म्हणाले. “पण माझं घड्याळ कुणाची परीक्षा घेत नाही. तिसऱ्याला पंचवीस मिनिटं लागतात. ती वाचवायला तू फ्लॉपीत काही सोय केली होतीस का?”

तिने टाचणी खाली ठेवली. मग तिचा चेहरा उतरत गेला, आणि कडूंना दिसलं की हे तिला आत्ता, या क्षणी कळतंय.

सोय होती. प्रोग्रॅम बदललेलाच नसेल तर तीच चाचणी पुन्हा कशाला? म्हणून यंत्र आधी दोन वेळांची तुलना करे: प्रोग्रॅम शेवटचा कधी बदलला, आणि आपला मागचा निकाल कधीचा. निकाल नंतरचा असेल, तर तोच पुन्हा लिहून मोकळं होई.

मंगळवारी तिसऱ्याने पहिली फेरी खऱ्या दहा पंचवीसला संपवली आणि निकालावर वेळ घातली अकरा पाच. नितेशने प्रोग्रॅम बदलला दहा पस्तीसला, त्याच्या, जवळजवळ बरोबर घड्याळाच्या टेबलावर. दुसऱ्या फेरीत तिसऱ्याने बघितलं: प्रोग्रॅम दहा पस्तीसचा, माझा निकाल अकरा पाचचा. काही बदललेलं नाही. जुनाच निकाल नव्या प्रोग्रॅमच्या नावावर लागला.

“म्हणजे रोह्याला गेला तो प्रोग्रॅम तिसऱ्यावर तपासलाच नव्हता,” ती म्हणाली. “आणि माझी सही आहे.”

५

बुधवारी २० तारखेला कडू रोह्याहून एक फ्लॉपी घेऊन आले. अपघाताच्या दिवशी कारखान्याच्या संगणकावर होता तोच प्रोग्रॅम, मॅनेजरच्या सहीच्या पाकिटात. तिघांच्या समोर पाकीट फोडलं. अपेक्षाने ती सोय काढून टाकली आणि तिसऱ्या टेबलावर बटण दाबलं.

पंचवीस मिनिटं सगळे पडद्याकडे बघत होते. विशाल उभाच होता.

११२ पैकी १११.

पडलेली चाचणी एकच: सकाळी नऊला सुरू होऊन नऊ दहाला संपणारी टाकी. नितेशने डोकं धरलं. कारण त्यानेच सांगितलं, कडूंना कळेल अशा शब्दांत. प्रोग्रॅम वेळ मोजतो ती मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांत. शेवटच्या दुरुस्तीत त्याने तो आकडा साध्या खणात ठेवला. बाकीच्या तीन टेबलांच्या कंपायलरचा खण मोठा. तिसऱ्याच्या खणात बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे मावत नाही. पुढचा सेकंद आला की आकडा उलटून उणे होतो.

“आणि तेवढे सेकंद केव्हा होतात?”

“नऊ वाजून सहा मिनिटं, सात सेकंद.”

त्या क्षणी टाकी भरत असेल तर यंत्राच्या हिशेबी आत्ताची वेळ उणे होते, बंद करायची वेळ पुढेच राहते, व्हॉल्व मिटत नाही. उरलेला वेळ दोन मिनिटांवरून पासष्ट हजार सेकंदांवर जातो. कडूंनी वही उघडून रेघ मारलेला आकडा दाखवला. अपघाताच्या आदल्या दिवशी टाकी नऊ वीसला लावली होती, तेव्हा सुरुवात आणि शेवट दोन्ही उणे, म्हणून वाचली. गुरुवारी महिपती वेळेवर होता.

कडूंचं एका पानाचं काम इथे झालं होतं. तरी ते उठले नाहीत. तिसऱ्याचं घड्याळ गुरुवारी सकाळी चाळीस मिनिटं पुढे होतं आणि शुक्रवारी सकाळी बरोबर झालं होतं. ज्याने ते बरोबर केलं त्याला गुरुवारीच सगळा उलगडा झाला होता. आणि त्यानंतर सहा दिवस त्याने महिपतीचं नाव त्या पत्रात राहू दिलं.

त्यांनी तिघांना विचारलं. अपघाताचा फोन गुरुवारी साडेबाराला आला, केबिनमध्ये. अपेक्षा आईला डॉक्टरकडे न्यायला अकरालाच गेली होती. तिला शुक्रवारी कळलं. विशाल म्हणाला, त्याने नितेशला पाचला सांगितलं. नितेश म्हणाला, व्हय, पाचला; मग शेठनी मला घरी पाठवलं. घड्याळाला हात लावला नाही, असं तिघेही म्हणाले. विशाल आणखी म्हणाला की ते पुढे होतं हेच त्याला आत्ता कळतंय.

कडूंनी त्याच्याकडे बघितलं. “सोमवारी तुम्ही मला वेळ विचारलीत.”

“मग?”

“समोर हा पडदा होता. चार महिने तुम्ही यालाच विचारत होतात.”

विशालने मनगट चोळलं. “तुमच्या हातात घड्याळ होतं, म्हणून विचारलं साहेब. एवढंच.”

ते खरंही असू शकलं असतं. कडूंना तसं वाटत नव्हतं. पण ‘मला वेळ विचारली’ हे वाक्य अहवालात लिहिता येत नाही. त्यांनी लिहिलं: घड्याळ दिनांक १४ ते १५ दरम्यान पूर्ववत केल्याचे दिसते, कोणी, ते सांगता येत नाही.

६

मॅनेजरने पान वाचलं. प्रोग्रॅम चुकला हे त्यांना पटलं. पण पत्र मागे घ्यायचं तर कागद हवा, ते म्हणाले. मंगळवारी तिसऱ्या टेबलाची चाचणी झालीच नव्हती, असं कचेरीने लिहून द्यावं, तिघांच्या सह्यांनी. मालकाची सही नसेल तर वरचे लोक म्हणतील, पोरांनी ऑपरेटरला वाचवलं. सोमवारी दहाच्या आत.

अपेक्षाने त्याच दिवशी सही केली, वर स्वतःच्या हाताने लिहिलं की घड्याळ मी पुढे केलं होतं. सही करताना तिने विचारलं, महिपतीचे पाय कसे आहेत. नितेशने शुक्रवारी केली. डोलवीहून त्याला अजून काही कळलेलं नव्हतं. विशाल म्हणाला, वकिलाला दाखवतो, सोमवारी स्वतः घेऊन येतो. कागद त्याच्याकडे राहिला.

सोमवार, २५ ऑक्टोबर. कडू सकाळच्या गाडीने रोह्याला उतरले आणि रिक्षाने कारखान्याच्या गेटवर पोचले. महिपती आधीच आला होता. गेटबाहेरच्या बाकावर, पायांना पांढरी पट्टी, वर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. जनी त्याच्या शेजारी डबा मांडीवर घेऊन. तिने विचारलं, साहेब, तो कागद आला का? कडू म्हणाले, बघतो.

त्यांनी वॉचमनकडून गेटबुक मागितलं आणि शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं. दुधाची गाडी, नऊ वाजून दोन मिनिटं. त्याखालची ओळ कोरी होती. पेणहून कोणी आलेलं नव्हतं. कडूंच्या घड्याळात नऊ पन्नास झाले होते.